संगणकाचा सातबारा

आजचा भाग मी रायपूरहून करतोय आणि विषय वरवर पाहता तांत्रिक आहे. जुना संगणक बंद पडला, त्याचे सुटे भाग मिळत नाहीत, पण त्याच्यावर चालणारा प्रोग्रॅम मात्र पुन्हा चालवायचा आहे. अशा वेळी नव्या संगणकाला जुन्याचं सोंग आणायला लावतात. याला एम्युलेशन म्हणतात आणि हे सोंग आणणाऱ्या प्रोग्रॅमला एम्युलेटर. सोंग आणायला बसलं की सुरुवातीलाच दोन प्रश्न पुढे येतात. मेमरी कुठून कुठपर्यंत मांडायची? आणि कमीत कमी किती द्यायची?

इतिहासाच्या मालिकेत हे कशाला, असं कुणी विचारेल. कारण असं, की आपल्या कचेऱ्यांमधल्या आणि संस्थांमधल्या देवनागरी नोंदींची पहिली संगणकी पिढी १९८०च्या दशकाच्या अखेरीस आणि १९९०च्या दशकात तयार झाली. ती ज्या यंत्रांवर झाली ती यंत्रं भंगारात गेली. फ्लॉपी कुठेतरी कपाटात आहेत. त्या वाचायच्या तर या दोन प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागतात, आणि ती उत्तरं इतिहासातच सापडतात.

नकाशा म्हणजे काय

महाराष्ट्रात सातबारा म्हणतात, इकडे छत्तीसगडात खसरा आणि बी-१. नाव काहीही असो, कागद सांगतो तो हाच की कोणत्या क्रमांकाची जमीन, किती, कुणाच्या नावावर, आणि तिच्यावर काय उभं आहे. संगणकाच्या मेमरीचाही असाच उतारा असतो. प्रत्येक बाइटला एक क्रमांक असतो, त्याला आपण पत्ता म्हणू. प्रोसेसर फक्त पत्ता ओळखतो. त्या पत्त्यावर साधी मेमरी आहे, पडद्याची मेमरी आहे, की कायमचा लिहून ठेवलेला प्रोग्रॅम आहे, हे यंत्र बांधणाऱ्यानं ठरवलेलं असतं. या ठरवण्यालाच मेमरीचा नकाशा म्हणायचं.

आपल्याकडे मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं टिफरॅक हा संगणक बांधला. तो १९६० साली कामाला लागला. त्याची मुख्य मेमरी २०४८ शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द ४० बिटांचा. हिशेब केला तर १०,२४० बाइट, म्हणजे बरोबर १० केबी. आज एखाद्या फोनवरचा एक छोटा फोटोसुद्धा यात मावणार नाही. पण वैज्ञानिकांनी याच दहा केबीत बसतील असे प्रोग्रॅम लिहिले. मेमरी केवढी, यावर प्रोग्रॅमचा आकार आणि लिहिण्याची पद्धत ठरते. म्हणून जुन्या यंत्राच्या मेमरीचा आकडा हा त्या काळाचा दस्तऐवज असतो.

सोळा गटांचं गाव

आपल्या कचेऱ्यांमध्ये जे यंत्र पोचलं ते पीसी. आयबीएमनं ते ऑगस्ट १९८१मध्ये बाजारात आणलं. त्यातला इंटेल ८०८८ हा प्रोसेसर एकूण १ एमबी पत्ते ओळखू शकत असे. त्या १ एमबीचे ६४-६४ केबीचे सोळा गट पाडा. पहिले दहा गट प्रोग्रॅमना दिले. दाही सहासष्ट नव्हे, दाही चौसष्ट ६४०, म्हणून ६४० केबी. उरलेले सहा गट यंत्रानं स्वतःसाठी राखून ठेवले.

राखीव भागात कोण राहतं पाहा. ६४० केबीपासून पुढे चित्रांची मेमरी. ७०४ केबीपासून एकरंगी पडद्याची अक्षरं. ७३६ केबीपासून रंगीत पडद्याची अक्षरं. ७६८ केबीपासून पुढे वेगवेगळ्या कार्डांचे कायमचे प्रोग्रॅम. अगदी शेवटच्या गटात बायॉस, म्हणजे यंत्र चालू होताना पहिल्यांदा जागा होणारा प्रोग्रॅम. यंत्र सुरू झालं की प्रोसेसर १ एमबीच्या हद्दीपासून फक्त १६ बाइट अलीकडे जाऊन उभा राहतो आणि तिथं लिहिलेली पहिली आज्ञा वाचतो. तिथं काही नसेल तर यंत्र जागं होत नाही.

सुरुवातीलाही राखीव जागा आहे. पहिल्या १ केबीत २५६ पत्त्यांची एक यादी असते. तिच्यानंतर बायॉसची छोटी नोंदवही, आणि तिच्यातल्या एका ठरलेल्या जागी लिहिलेलं असतं की या यंत्रात साधी मेमरी किती केबी आहे. जुने प्रोग्रॅम मेमरी मोजत बसत नसत, ही नोंद वाचत. तलाठ्याच्या दप्तरात जे लिहिलंय तेच खरं, तसंच हे.

एम्युलेटरला हे सगळं उभं करावं लागतं. नुसती ६४० केबीची रिकामी जागा दिली तर त्याला पीसी म्हणता येत नाही. ७३६ केबीवर प्रोग्रॅमनं अक्षर लिहिलं की ते पडद्यावर उमटलं पाहिजे, कारण त्या काळचे कितीतरी प्रोग्रॅम वेग मिळावा म्हणून थेट तिथंच लिहीत.

पीसीचा नकाशा शून्यापासून सुरू होतो म्हणून सगळ्यांचाच होतो असं मात्र समजू नका. पुण्याच्या सीडॅकनं १९९१ साली परम ८००० हा महासंगणक बांधला, त्यात ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर होते. ट्रान्सप्युटरमध्ये पत्ते ऋण संख्येपासून मोजतात. सगळ्यात लहान ऋण संख्येवर, म्हणजे उणे २,१४७,४८३,६४८वर, मेमरी सुरू होते. पीसीचा नकाशा याला लावला तर पहिलीच आज्ञा चुकेल.

कमीत कमी किती

आता दुसरा प्रश्न. सोंग आणताना मेमरी कमीत कमी किती द्यायची?

१९८१चा सगळ्यात स्वस्त पीसी १६ केबीचा होता. पुढे डॉस वाढला, डेटाबेसचे प्रोग्रॅम आले आणि कामाच्या यंत्रात ६४० केबी असणं रूढ झालं. विंडोज ९५नं कमीत कमी ४ एमबी मागितले, विंडोज ९८नं १६. खोक्यावर छापलेला हा किमान आकडा लिहिताना कंपनीच्या मनात एक ग्राहक असतो: आपला माल घेणाऱ्यांत सगळ्यात साधं यंत्र असलेला माणूस. त्याच्यापर्यंत पोचायचं की नाही, हे तो आकडा ठरवतो. आपल्याकडे मेमरी महाग असताना या आकड्यावर कचेरीतल्या यंत्रांची खरेदी अडायची किंवा सुटायची.

पण किमान आकडा दुसऱ्या एका कारणानंही ठरतो, आणि ते कारण मजेशीर आहे. क्यूईमू हा आज जगभर वापरला जाणारा एम्युलेटर. फाब्रिस बेलार्ड या फ्रेंच प्रोग्रॅमरनं तो २००३ साली सुरू केला. २०२० साली त्यात मायक्रोचिप कंपनीच्या आयसिकल किट या बोर्डाचं सोंग जमा झालं. या सोंगाला कमीत कमी १५३७ एमबी मेमरी द्यावी लागते. १५०० नाही, १५३६ नाही, १५३७. हा वरचा एक कुठून आला?

बोर्डाच्या नकाशात मेमरीचे दोन तुकडे आहेत. एक खालच्या पत्त्यावर, १०२४ एमबीचा. दुसरा फार वरच्या पत्त्यावर. यंत्र सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम जागा होताच वरच्या तुकड्याची परीक्षा घेतो, आणि ती परीक्षा घेताना यंत्रात खरोखर मेमरी किती बसवली आहे हे तो विचारतच नाही. त्या परीक्षेत पास व्हायला वरती किमान ५१३ एमबी असावे लागतात. १०२४ आणि ५१३ मिळून १५३७. म्हणजे हा किमान आकडा एका प्रोग्रॅमच्या सवयीतून आला. सोंग आणणाऱ्यानं ती सवय वाचून काढली, समजून घेतली आणि तशीच पाळली. जुनी यंत्रं जपायची तर काम हेच असतं: मूळ यंत्र कशावर विसंबून होतं ते शोधायचं.

आपल्या मद्रास आयआयटीचा शक्ती हा प्रोसेसरही २०२१ साली क्यूईमूमध्ये दाखल झाला. त्याची मेमरी २ जीबीच्या पत्त्यापासून सुरू होते, आयसिकलच्या खालच्या तुकड्यासारखीच. त्याच्या खालची जागा घड्याळ, तारांची जोडणी वगैरे उपकरणांसाठी ठेवलेली आहे.

जास्त दिलं म्हणून बिघडतं

मेमरी कमी पडली तर यंत्र चालणार नाही, हे कुणालाही पटतं. जास्त दिली तर चालणार नाही, हे पटायला वेळ लागतो. पण जुन्या यंत्रांत हे सर्रास घडतं.

विंडोज ९५ आणि ९८ला ५१२ एमबीच्या वर मेमरी दिली तर ते अडखळतात. त्यांचा फाइली साठवण्याचा भाग मेमरी बघून स्वतःचा आकार ठरवतो, आणि एवढी मेमरी कुणाकडे असेल हे लिहिणाऱ्यांनी धरलंच नव्हतं.

त्याहून बोलकं उदाहरण डॉसचं आहे. १९८०च्या दशकात प्रोग्रॅम फ्लॉपीवर मावावेत म्हणून दाबून लहान करत आणि चालवताना ते स्वतःच स्वतःला उलगडत. ८०८८मध्ये १ एमबीची हद्द ओलांडली की पत्ता फिरून शून्यावर येई. उलगडण्याची एक लोकप्रिय पद्धत या फिरण्यावर विसंबून होती. मग ८०२८६ आला, त्याला १ एमबीच्या पुढचे पत्तेही दिसू लागले, तिथं फिरणं बंद झालं. तरीही अडचण दिसत नव्हती, कारण खालच्या ६४ केबीत डॉस स्वतःच बसलेला असे आणि प्रोग्रॅम त्याच्या वर चढवला जाई. १९९१ साली डॉस ५ आला. तो स्वतःचा बराचसा भाग १ एमबीच्या वर हलवू शकत होता. खाली जागा मोकळी झाली, प्रोग्रॅम खाली उतरले, आणि पडद्यावर संदेश झळकू लागला की फाइल खराब झाली आहे.

फाइल धडधाकट होती. यंत्र खोटं सांगत होतं. उपाय म्हणून मायक्रोसॉफ्टनं डॉस ५बरोबरच लोडफिक्स नावाची आज्ञा दिली. ती एवढंच करते की खालचे ६४ केबी अडवून ठेवते आणि प्रोग्रॅमला वर चढवते. डॉसबॉक्स हा डॉससाठीचा एम्युलेटर, त्यातही ही आज्ञा आहे. म्हणजे सोंग पुरं व्हायला मेमरी मुद्दाम अडवून ठेवायची सोय करावी लागली.

वर्धा, मुरैना आणि देवनागरी

आता आपल्या नोंदींकडे येऊ. भूमी अभिलेख संगणकावर आणण्याचा केंद्र सरकारचा पहिला प्रयोग १९८८-८९ साली आठ जिल्ह्यांत सुरू झाला. त्या आठांत महाराष्ट्रातला वर्धा होता आणि मध्य प्रदेशातला मुरैना. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशातच होतं. छत्तीसगड राज्य १ नोव्हेंबर २००० रोजी झालं. आणि १९५६च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत तर वर्धा आणि रायपूर एकाच प्रांतात होते, राजधानी नागपूर. हद्दी बदलल्या, पण वर्ध्याचा सातबारा आणि इकडचा खसरा, दोन्ही देवनागरीतच.

देवनागरी त्या ६४० केबीच्या यंत्रात कशी बसवायची, हा त्या काळचा मोठा प्रश्न होता. पडद्याच्या अक्षर-मेमरीत ८० रकाने आणि २५ ओळी, म्हणजे २००० घरं, प्रत्येक घरात एक अक्षर. इंग्रजीला हे पुरतं. पण आपल्या ‘स्त्री’ या एका अक्षरात सहा खुणा आहेत: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. सहा खुणांचं एक अक्षर एका जागी जुळवायचं काम साधा पीसी करू शकत नव्हता.

कानपूरच्या आयआयटीत या प्रश्नावर काम झालं. मोहन तांबे यांचं नाव त्या कामाशी कायमचं जोडलेलं आहे. पुढे हे काम पुण्याच्या सीडॅककडे आलं आणि जिस्ट कार्ड तयार झालं. हे कार्ड पीसीत खोचायचं. अक्षरं जुळवण्याचं काम कार्ड करी, आणि डीबेससारख्या इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमला याचा पत्ताही नसे. तो बिचारा समजे की आपण साधे बाइट लिहितोय. त्या बाइटांची यादी म्हणजे इस्की ही संकेतप्रणाली. भारतीय मानक ब्युरोनं ती १९९१ साली मानक म्हणून स्वीकारली. तिच्यात इंग्रजीचे १२८ संकेत जागेवर ठेवले आणि भारतीय लिप्यांना वरचे १२८ दिले.

आता असं समजा, की तुमच्याकडे त्या काळची एक फाइल आहे आणि तुम्ही डॉसबॉक्स उघडलात. मेमरीचा नकाशा बरोबर, किमान मेमरी बरोबर, डीबेसही चालू झाला. फाइलीत गावाचं नाव आहे ‘रायपूर’. इस्कीत त्याचे सहा बाइट होतात: २०७, २१८, २०५, २००, २२२, २०७. मी हे सहा बाइट तिथं लिहून पाहिले. पडद्यावर दिसलं ते असं: दुहेरी आडव्या रेघेवर उभी काडी, मग एक कोपरा, मग दुहेरी रेघ, मग दुहेरी रेघेचा कोपरा, मग अर्धी भरलेली चौकट, आणि शेवटी पुन्हा रेघेवर काडी. मोडक्या तक्त्याच्या चौकटी जणू.

याचं कारण त्या पडद्याच्या यादीत आहे. मूळ पीसीच्या अक्षरसंचात १७६ ते २२३ हे क्रमांक चौकटी आणि रेघा आखण्यासाठी होते. इस्कीत आपली बहुतेक सगळी व्यंजनं नेमकी याच क्रमांकांवर बसली आहेत. ‘क’ म्हणजे १७९, तिथं उभी रेघ. ‘द’ म्हणजे १९६, तिथं आडवी रेघ. एकच जमीन दोघांच्या नावावर, तसा हा प्रकार. जिस्ट कार्ड असेल तर ताबा देवनागरीचा, नसेल तर चौकटींचा.

आणि एम्युलेटरमध्ये ते कार्ड नाही. डॉसबॉक्समध्ये साउंड ब्लास्टर आहे, ॲडलिब आहे, कारण जगभरच्या खेळप्रेमींनी जुने खेळ आवाजासकट चालावेत म्हणून त्या कार्डांची सोंगं खपून तयार केली. जिस्टचं सोंग त्या यादीत नाही. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. इथे पैशाची अडचण नव्हती. हे कार्ड चालावं म्हणून हट्ट धरणारं कुणी नव्हतं.

मजकूर वाचतो, काम वाचत नाही

घाबरून जाऊ नका. नुसता मजकूर हवा असेल तर एम्युलेटर लागतही नाही. युनिकोडमधली देवनागरीची रचना इस्कीवरूनच घेतलेली आहे, त्यामुळे एकाचं दुसऱ्यात रूपांतर बहुतेक ठिकाणी सरळ होतं. विंडोजमध्येसुद्धा देवनागरी इस्कीसाठी ५७००२ क्रमांकाचा संकेतसंच आहे.

पण डेटाबेसचं तसं नसतं. डीबेसच्या तक्त्यात प्रत्येक रकान्याची रुंदी बाइटांत ठरलेली असते. नावासाठी ३० बाइट ठेवले असतील तर इस्कीत ३० खुणा बसतात. आज सर्वत्र चालणाऱ्या यूटीएफ-८मध्ये देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात. ‘रायपूर’ सहा बाइटांचं अठरा होतं, आणि ३० बाइटांच्या रकान्यात दहाच खुणा मावतात. म्हणून रूपांतर केलेला मजकूर जुन्या प्रोग्रॅमला परत देता येत नाही. वारसांची क्रमवारी कशी लागत होती, थकबाकी कोणत्या नियमानं काढली जात होती, छापील उतारा कसा निघत होता, हे सगळं त्या प्रोग्रॅमच्या आत आहे. ते पाहायचं तर प्रोग्रॅम त्याच्या मूळ घरातच चालवावा लागतो.

त्यामुळे कुणी असं काम हाती घेतलं तर क्रम असा ठेवावा. आधी यंत्र कोणतं होतं ते ठरवा, कारण नकाशा यंत्रासोबत येतो, मेमरीच्या आकड्यातून नाही. मग प्रोग्रॅम कोणत्या सालचा आणि त्यानं किमान किती मेमरी धरली होती ते बघा. डॉसच्या कामाला ६४० केबी आणि वर काही एमबी भरपूर होतात. आज मेमरी स्वस्त आहे म्हणून ढीगभर देऊ नका. फाइल खराब आहे असा संदेश आला तर लगेच विश्वास ठेवू नका, लोडफिक्स करून पाहा. पडद्यावर चौकटी दिसल्या तर फाइल टाकून देऊ नका, ती इस्की असू शकते.

आणि एक विनंती, विशेषतः राज्याराज्यांतल्या महाराष्ट्र मंडळांना, ग्रंथालयांना, पतसंस्थांना. बाहेरच्या राज्यांत राहणाऱ्या मराठी माणसांच्या सभासद याद्या, वर्गणीच्या वह्या, कार्यक्रमांच्या नोंदी कुठल्या सरकारी दप्तरात सापडायच्या नाहीत. त्या आपल्याच कपाटात आहेत. जुनी फ्लॉपी मिळाली तर तिच्या पाकिटात एक चिठ्ठी ठेवा: यंत्र कोणतं होतं, मेमरी किती होती, डॉस कितवा, प्रोग्रॅम कोणता, आणि देवनागरीसाठी कार्ड होतं की फॉन्ट. त्या वेळी ते यंत्र चालवणारी माणसं आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांना फोन केला तर पाच मिनिटांत या पाचही गोष्टी सांगतील. ती माहिती गेली तर पुढच्या माणसाला प्रत्येक आकडा आयसिकलच्या १५३७सारखा उकरून काढावा लागेल, आणि दर वेळी वाचायला मूळ प्रोग्रॅम हाताशी असेलच असं नाही.